कडूबाईचा नंबर

आधीच सांगून टाकते, मी जळत होते. माझ्या धाकट्या जावेवर, रुपालीवर. कुणी म्हणेल, जावाजावांत चालायचंच. काय चालायचंच? साडीवरून, दागिन्यावरून, सासूनं कुणाला आधी वाढलं यावरून जळणाऱ्या बायका मी पाहिल्यात आणि त्यांना पोटभर हसलेय. माझं जळणं तसलं नव्हतं. तिनं माझं काम घेतलं होतं.

काम म्हणजे पाणी वापर संस्थेचं. आमच्या चारीवर, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या छोट्या पाटावर, एकशे बेचाळीस शेतकरी. कालव्याला आवर्तन सुटलं, म्हणजे धरणातून ठरावीक दिवसांनी पाणी सोडलं, की चारीला पाणी येतं आणि पाळीपाळीनं एकेकाच्या रानात जातं. नेम असा की पहिलं पाणी चारीच्या पार शेवटच्या माणसाला, मग वर वर सरकत यायचं, आणि तोंडाशी रान असलेल्यांनी सगळ्यांत शेवटी घ्यायचं. आमचं रान तोंडाशी. माझे सासरे आबासाहेब, आम्ही सुना त्यांना मामा म्हणतो, संस्थेचे अध्यक्ष, तरी आमचा नंबर शेवटचाच. पाळीच्या वेळी माणूस बांधावर हजर पाहिजे. सहादेव पाटकरी, म्हणजे पाण्याचं दार उघडतो तो, अर्धा तास वाट बघतो. कुणी आलंच नाही तर दार पुढच्याकडं फिरवतो. मग पुढच्या आवर्तनापर्यंत चाळीस दिवस बसा हात चोळत.

हे पाळीपत्रक नऊ वर्षं मी सांभाळलं. माहेर माझं मिरजगावचं. बीकॉम झालेय, एमएससीआयटी केलंय, आणि संस्थेच्या ऑफिसातला तो जुना कंप्युटर मी सोडून कुणी चालू करत नव्हतं. आदल्या दिवशी एकेकाला फोन करायचे. "सखाराम नाना, उद्या सकाळी सहा ते आठ, बांधावर हजर राहा." कोण बहिरं आहे, कुणाच्या घरी सूनच फोन उचलते, कुणाला दोनदा सांगावं लागतं, सगळं तोंडपाठ. शेवटाकडची कडूबाई तर माझा आवाज ऐकला की आधी माझ्या पोरांची चौकशी करायची, मग पाण्याची. एकटी बाई, सत्तरीची. नवरा गेलेला, मुलगा भिमाजी चाकणला कंपनीत. दीड एकर रान एकटी ओढते.

आणि मग माझ्या दिराचं, ज्ञानेश्वरचं लग्न झालं आणि रुपाली आली. माहेर शिर्डीचं, हारफुलांच्या दुकानातली मुलगी, पण शिकली इंजिनिअर. पुण्याच्या कंपनीचं काम घरातूनच करायची, वरच्या खोलीत बसून. मला तिचं कौतुक नव्हतं असं नाही. पहिले सहा महिने होतं.

एक दिवस मामा जेवताना म्हणाले, "रुपाली, आपल्या संस्थेचं काय करता येतंय का बघ की. सत्यशीला दिवसदिवस फोन घेऊन बसती." ऐकलंत ना? माझी दया आली होती त्यांना! पंधरा दिवसांत तिनं करून दिलं. संध्याकाळी पाच वाजले की कंप्युटर आपला आपण यादी वाचतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पाळीवाल्यांना एकापाठोपाठ फोन लावतो. फोनवर आवाज कुणाचा? रुपालीचा. "नमस्कार, उद्या तुमची पाण्याची पाळी आहे," आणि पुढं वेळ. म्हाताऱ्याकोताऱ्यांना ते रेकॉर्ड केलेलं आहे हे काय कळतंय? गावभर झालं, रुपालीचा फोन येतो. लई गोड बोलती पोरगी. नऊ वर्षं घसा माझा बसला, आणि गोड कोण, तर ही!

मामा मला म्हणाले, "आता तुला फोन करायचं कारन न्हाई." तरी मी आठदहा म्हाताऱ्यांना माझ्या मोबाईलवरून लावायचेच. कडूबाईला तर पहिला. मामांना सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या आवर्तनात ते यंत्र अडलं. पाचसहा फोन गेले आणि गप. ऑफिसात माणसं जमली, कमिटीची मंडळीही होती. मी म्हटलं, "बंद करून परत चालू करू." कंप्युटर अडला की आपण सगळे तेच करतो.

"नको ताई," रुपाली म्हणाली. "बंद केलं तर पहिल्यापासून सुरू होईल. ज्यांना गेलेत त्यांना परत फोन जातील, वेळांचा घोळ होईल. चालू असतानाच आत जाऊ."

तिनं खुर्ची ओढली आणि काळ्या पडद्यावर टाइप करायला लागली. तिच्या भाषेत त्या सगळ्याला कंटेनर म्हणतात. मला तिनं सांगितलं होतं ते असं: तुमच्या कंप्युटरच्या पोटात एक बंद डबा आहे, त्या डब्यात फोन लावणारं यंत्र आणि त्याला लागणारं सगळं सामान भरलंय. डबा चालूच ठेवायचा आणि एक हुकूम देऊन आत शिरायचं. आत शिरलं की तिथं उभं राहून अजून हुकूम सोडायचे. डब्याचं काम थांबत नाही. तिनं आत शिरून दोन ओळी मारल्या. दुसऱ्या मिनिटाला समोर बसलेल्या चौघांच्या खिशातले फोन एकामागून एक वाजले.

"आरं तिच्या!" मामा मांडीवर थाप मारून म्हणाले. "पळत्या गाडीचं चाक बदललं पोरीनं!"

सगळे हसले, टाळ्या काय, वाहवा काय. आणि मग मामा माझ्याकडं वळून म्हणाले, "सत्यशीला, चहा टाक गं सगळ्यांना."

टाकला. साखर विसरले. कुणी काही बोललं नाही, ते आणखी झोंबलं.

त्या दिवसापासून मी ठरवलं, हे आपल्याला आलंच पाहिजे. तिला विचारलं असतं तर तिनं हाताला धरून शिकवलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच नाही विचारलं. ती ऑफिसात आली की मी फाइल शोधायच्या निमित्तानं तिच्या मागं उभी राहायचे. आधी डॉकर, मग एक्झेक, मग आडवी रेघ देऊन आय टी, मग डब्याचं नाव, ते तिनं पाळी असंच ठेवलं होतं, आणि शेवटी एस एच. एंटर मारलं की आपण आत. यादीतला नंबर बदलायची ओळही पाहून ठेवली. तिरक्या रेघांच्या मधे आधी जुना नंबर, मग नवा. पाळीच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहून ठेवलं सगळं.

डिसेंबरच्या आवर्तनात रुपाली दोन दिवस पुण्याला गेली होती, कंपनीत. दुपारी कडूबाई ऑफिसात आली. काष्टीच्या बाजारातून थेट, हातात पिशवी, धापा टाकत.

"सत्यशीला, पानी सुटलं म्हनं? बाजारात लोकं बोलत्यात. मला तर काय फोन न्हाई."

मी तिला संध्याकाळी फोन करणारच होते, पण यादी उघडून बघितली तर काय, तिच्या नावापुढं भिमाजीचा नंबर! दिवाळीला आला तेव्हा संस्थेचा पाणी मागणीचा फॉर्म त्यानं भरला आणि ऐटीत स्वतःचा नंबर टाकला. आता यंत्र चाकणला फोन लावणार आणि हा मशीनवर उभा, उचलतोय कशाला.

"आजी, उद्या सकाळी आठ ते दहा तुमची पाळी," मी तिला तोंडानं सांगितलं आणि वाटेला लावलं. तिथंच काम संपलं होतं खरं तर. पण माझे हात शिवशिवत होते. रुपालीला फोन केला असता तर लागला असता. मी केला नाही. दार लोटलं, रजिस्टर उलटं केलं आणि एकेक अक्षर बघून टाइप केलं. डॉकर, एक्झेक. एंटर मारलं. पडद्यावर एक बारकंसं चिन्ह आलं आणि लुकलुकायला लागलं. मी आत होते! चालू डब्याच्या आत, मी, सत्यशीला. भिमाजीचा नंबर काढला, कडूबाईचा घातला, परत वाचून बघितला आणि बाहेर आले. काही बंद पडलं नाही. काही बिघडलं नाही. खोटं कशाला बोलू, मी एकटीच खुर्चीत बसून हसले.

संध्याकाळी पाचला बरोबर कडूबाईला फोन गेला. दुसऱ्या दिवशी तिचं रान भिजलं आणि ती मेथीची ही एवढी जुडी घेऊन ऑफिसात हजर.

"रुपालीला दे," म्हणाली. "पोरीनं ध्यान ठिवून फोन केला बघ. आगदी टायमावर."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, आजी, तो मी केलाय. पण काय सांगू तिला? डबा, हुकूम, तिरकी रेघ? आवाज तर रुपालीचाच होता ना! मेथी घरी नेली. निवडली मी, फोडणी मी दिली, आणि जेवताना मामा म्हणाले, "रुपालीच्या नावानं आली म्हनून भाजीला चव हाय." अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. त्याच रात्रीपासून मी म्हाताऱ्यांना फोन करायचं सोडलं. घ्या म्हटलं, तिचाच फोन घ्या.

रुपाली पुण्याहून आली. नंबर बदलल्याचं मी तिला सांगितलं नाही. माझं होतं ते. तेवढं एक तरी माझं.

जानेवारीत तिनं यंत्रात सुधारणा केली, जुना डबा काढून टाकला आणि नवा बसवला. माझ्यासमोरच केलं. मी बघत होते आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

फेब्रुवारीचं आवर्तन आलं. शेवटाकडच्या पाळ्या पहिल्याच दिवशी होत्या. सकाळी अकराला ऑफिसात कमिटी बसलेली, रुपाली कंप्युटरवर, मी रजिस्टर लिहितेय, आणि दारात कडूबाई. तिच्या मागं मान खाली घालून सहादेव पाटकरी.

"कुठाय ती रुपाली?" कडूबाई दारातूनच ओरडली. "मला फोन न्हाई केला! पानी माझ्या बांधावरनं पुढं गेलं. कांदा पोसायला लागलाय माजा, आता चाळीस दिवस तेला काय पाजू?"

"मी अर्धा तास थांबलो, आबासाहेब," सहादेव म्हणाला. "हाका मारल्या. वस्ती लांब, दार सोडून जाता येईना. मग फिरवलं पुढं."

रुपाली गोंधळली. "आजी, फोन तर गेलाय. थांबा, बघते." तिनं बघितलं. "गेलाय. पण भिमाजींच्या नंबरवर."

"मग त्या यंत्राचा उपेग काय?" मामा असे कडाडले की बाहेर टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. "म्हाताऱ्या बाईचं रान कोरडं ठिवलंस! एवढी शिकलीस आनि एक नंबर नीट टाकता येईना तुला?"

मामा तिला असं कधी बोलले नव्हते. तिचा चेहरा पांढराफटक पडला. आणि माझ्या पोटात, देवाशपथ सांगते, गार वाटलं. गारेगार! दोन वर्षांत पहिल्यांदा. कडूबाई समोर रडत होती आणि मला बरं वाटत होतं. इतकी खाली गेले होते मी.

तेवढ्यात रुपालीनं काळा पडदा उघडला. त्या कंप्युटरवर आधी कोणते हुकूम कुठल्या तारखेला दिलेत ते एकेक परत बघता येतात, हे मला माहीत नव्हतं. ती एकेक ओळ बघत गेली आणि ती पुण्याला असतानाच्या डिसेंबरातल्या ओळीवर थांबली. मग हळूच मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला कळलं, हिला कळलं. डिसेंबरात मी आत शिरून जे बदललं ते त्या जुन्या डब्यापुरतंच होतं. डबा काढला, त्याच्याबरोबर माझा बदलही गेला. नवा डबा तिच्या मूळ यादीवरून भरलेला, त्यात भिमाजीच.

आता बोलेल, मी मनात म्हटलं. आता माझं नाव घेईल.

ती उठली आणि म्हणाली, "मामा, चूक माझी आहे. यादी मी डब्याच्या आत ठेवायलाच नको होती, बाहेर ठेवायला हवी होती."

आणि माझं डोकं फिरलं. कुणाला वाटेल मला पश्चात्ताप झाला. अहो, कसला पश्चात्ताप! माझी चूकसुद्धा हिच्याच नावावर जाणार? काम हिचं, आवाज हिचा, मेथी हिची, आणि आता हे पण हिचंच? शिवाय मोठ्या मनाची म्हणून वर परत कौतुक!

"तिची न्हाई," मी ओरडलेच. "मी केलंय ते. डिसेंबरात मी आत शिरून नंबर बदलला होता आणि हिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हिनं नवा डबा बसवताना तोच नंबर घातला असता."

मामांनी माझ्याकडं बघितलं आणि हात झटकला. "गप ग सत्यशीला. जावेला पाठीशी घालतीस ते ठीक हाय, पन तुला त्यातलं काय कळतंय?"

कमिटीतले दोघं हसलेसुद्धा.

मी उठले. रुपाली बाजूला झाली. मी खुर्चीत बसले आणि रजिस्टर न उघडता टाइप केलं, डॉकर, एक्झेक, आडवी रेघ, आय टी, पाळी, एस एच. आत गेले. भिमाजीचा नंबर सगळ्यांना दाखवला. सगळ्यांसमोर काढला, कडूबाईचा घातला, बाहेर आले.

"ताई खरं सांगतायत," रुपाली म्हणाली. "मी तेव्हा पुण्यात होते, मामा. हुकूम इथलाच आहे. कुणी शिकवलं नाही त्यांना, बघून बघून शिकल्यात."

मामा माझ्याकडं बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं असं बघितलं नव्हतं. एवढं वाईट घडलं होतं, तरी माझ्या मनात आलंच, चला, कळलं एकदाचं. माझी मान ताठ झाली होती. मी कडूबाईकडं वळले, म्हटलं तिलाही कळू दे.

तिनं पदरानं नाक पुसलं. "त्ये डब्याचं मला काय कळत न्हाई," ती म्हणाली. "तू फोन का न्हाई केलास?"

"आजी, ते यंत्र..."

"यंत्राचं न्हाई इचारत. तू. दर पाळीला तू करायचीस. रुपालीचा फोन आला न्हाई तवा मी म्हनलं, आसंल कायतरी, सत्यशीला करंल. म्हनून मी रातच्याला बांधावर गेले न्हाई, घरीच ऱ्हायले तुज्या फोनपायी."

मेथीच्या जुडीवरून तुमच्याशी बोलायचं सोडलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार? मान ताठ ठेवायला गेले तर डोळ्यांत पाणी यायला लागलं. रुपाली खाली बघत होती. तिचं बघणं चाललं असतं, तिचं न बघणं सोसवेना.

"मामा," मी म्हटलं, "आपली पाळी शेवटची आहे, अजून यायचीय. ती आजींना द्या. पाणी आपल्याकडं न वळवता खाली सोडता येतं, रात्रीत शेवटापर्यंत पोचतं. का हो सहादेव?"

"पोचतंय की," सहादेव म्हणाला.

आमचा गहू ओंबीवर होता. मामांनी मिशी कुरवाळली. कमिटी त्यांच्या तोंडाकडं बघत होती. "दिली," शेवटी म्हणाले. "लिही रजिस्टरात."

मी लिहिलं. गहू त्या साली हलका पडला, आणि घरात कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. कडूबाईचा कांदा वाचला. आभार मात्र तिनं मानले नाहीत, आणि का मानावेत?

रुपालीनं यादी डब्याच्या बाहेर ठेवली. माझ्याकडून टाइप करून घेतली सगळी, नंबर तपासून. आम्ही दोघी बोलतो आता, कामापुरतं आणि थोडं जास्त. जळणं गेलं का? गेलं नाही. कमी झालंय म्हणा.

मार्चच्या अखेरीला आवर्तन सुटलं. पाळीच्या आदल्या दिवशी दुपारीच कडूबाई तीन किलोमीटर चालत आली आणि ऑफिसच्या पायरीवर बसली, भाकरी बांधून आणलेली. आत या म्हटलं, आली नाही. चहा घ्या म्हटलं, घेतला नाही. पाच वाजता तिच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. रुपालीचा आवाज, नंबर बरोबर, सगळं बरोबर. तिनं तो उचलला नाही. मग मी माझ्या मोबाईलवरून लावला. ती माझ्यापासून चार हातांवर बसलेली, तोंड रस्त्याकडं. तोही तिनं वाजू दिला.

वाजायचा थांबला तेव्हा माझ्याकडं न बघताच म्हणाली, "फोन कशाला लावतीस? हितंच बसले हाय की मी. तोंडानं सांग."

मी उठून पायरीवर गेले, तिच्याशेजारी बसले आणि सांगितलं. उद्या सकाळी सहा ते आठ.